सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: जुन्या डिझेल ट्रकमधला बिघाड कसा शोधायचा

सेल्फ मारला की इंजिन खणखणीत फिरतं, पण पकडत नाही. अशी गाडी गॅरेजला आली की बहुतेक वेळा पहिला पाना डिझेल पंपाच्या पाइपवर पडतो. पंप उतरतो, नोझल उतरतात, सगळं पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवायला, जातं आणि दोन दिवस गाडी उभी राहते. परत बसवल्यावरही ती सुरू होत नाही, कारण दोष पंपात नव्हताच. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी हवा शिरत होती, आणि ती अजूनही शिरतेच आहे. म्हणून इथे तपासणीचा क्रम असा धरला आहे: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, पंपाला हात सगळ्यात शेवटी.

इथे सांगितलेलं टाटाच्या १२१०, १६१३ या घराण्यातल्या, ६९७ इंजिन आणि मायकोचा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरचा दट्ट्या एका रांगेत असलेला) असलेल्या ट्रकांना धरून आहे. १६१३ म्हणजे सोळा टन एकूण वजन आणि सुमारे १३० अश्वशक्ती. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांच्या १९५४ च्या करारातून आलेल्या इंजिनांचाच हा वंश. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं. तिचा नोझल बनवणारा कारखाना आपल्या नाशिकला आहे. पण गॅरेजमध्ये पंप आजही मायकोचाच म्हणतात. लेलँडच्या जुन्या गाड्या किंवा इनलाइन पंपाचं कमिन्स ६बीटी इंजिन असेल तरी पद्धत तीच. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) नव्या गाड्यांना मात्र यातलं काही लावू नका. त्यांच्या हाय प्रेशर पाइपचा नट चालू सेल्फवर सैल करणं जिवावर बेतू शकतं.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला साधारण सतराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबतो, त्या दाबानेच हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल सुमारे २०० बार दाबाने डिझेलचा फवारा मारतं. तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाला लागतं काय? पुरेशा वेगाने फिरणं, मोकळी हवा, भक्कम दाब, आणि नेमक्या क्षणी डिझेल. यातलं एक नसलं की सेल्फ कितीही मारला तरी उपयोग नाही. कोणतं नाही, ते ओळखायला बॉनेट उघडायचीही गरज नसते.

आधी सायलेन्सर बघा

एकाने केबिनमध्ये बसून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि सेल्फ मारायचा. दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत राहायचं. एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये दोन मिनिटं तरी थांबा, नाहीतर आर्मेचर तापून सेल्फच जळेल.

धूर अजिबात येत नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण, आणि या लेखाचा मोठा भाग त्याबद्दलच आहे.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो: डिझेल जातंय पण पेटत नाही. इंजिन हळू फिरतंय, दाब कमी आहे, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) हललंय, नोझल फवारा न मारता गळतंय किंवा डिझेलमध्ये पाणी आहे.

काळा धूर येतो आणि इंजिन पकडता पकडता सोडून देतं: डिझेल आहे, हवा नाही.

काळ्या धुराचं आधी संपवू. एअर क्लीनरचा पाइप इंजिनाकडच्या तोंडाला काढून एकदा सेल्फ मारून बघा. गाडी पकडली तर फिल्टर चोंदलाय किंवा रबरी होज आतून सोलून, चपटून बसलाय. त्याने फरक पडला नाही तर एक्झॉस्ट ब्रेकची फुलपाखरासारखी पाती बघा. घाटात वापरलेला ब्रेक काजळीने अडकून बंदच राहतो, मग धुराला बाहेर पडायला वाट नाही आणि नव्या हवेला आत यायला जागा नाही. पातीचा लिव्हर हाताने हलवला की लगेच कळतं.

पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

टाकीत काठी घालून डिझेल मोजा. मीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीतला फ्लोट अडकलेला असू शकतो, आणि ढाब्यावर रात्रभर उभ्या गाडीतून डिझेल चोरीला जाणंही नवं नाही. गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर टाकीत वीस लिटर असूनही आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं. टाकीचं झाकण उघडताना सूं असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. ते पिनने मोकळं करा. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, डिझेल ओढवत नाही.

मग स्टॉपर. गाडी बंद करायला ओढतो ती केबल गंजून ओढलेल्याच जागी अडकते, आणि डॅशबोर्डवरची मूठ मात्र आत गेलेली दिसते. म्हणून मूठ बघू नका, पंपावरचा स्टॉपचा लिव्हर बघा. तो स्प्रिंगने पूर्ण मागे आला पाहिजे. केबल काढून लिव्हर हाताने ढकलला आणि गाडी सुरू झाली, तर सगळा बिघाड एका केबलचा. काही गाड्यांत केबलच्या जागी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारी पिन, असतो. चावी फिरवल्यावर 'टक्' आवाज येतो का ऐका, आणि लिव्हर प्रत्यक्ष हलतो का तेही बघा. आवाज येतो पण पिन पूर्ण सरकत नाही, असंही होतं. रोटरी पंपाच्या गाड्यांत हा सोलेनॉइड पंपाच्या डोक्यावरच असतो. त्याला चाचणी दिवा लावून करंट येतोय का ते बघणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फिरण्याचा वेग कानाने कळतो, पण कान फसतो. थंड इंजिन पकडायला मिनिटाला किमान शंभर ते दीडशे फेरे हवेत. त्याहून हळू फिरलं तर दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतीला (लायनरला) उष्णता देऊन मोकळी होते आणि डिझेल पेटायला लागणारं तापमान येतच नाही. मल्टीमीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असलेल्या २४ व्होल्टच्या गाडीत ते १९ च्या खाली उतरायला नको, १२ व्होल्टच्या गाडीत साडेनऊच्या खाली नको. बॅटरी चांगली असूनही फिरणं जड वाटलं, तर सेल्फ मारून झाल्यावर लगेच केबलच्या टोकांना हात लावून बघा. जे टोक तापलंय तिथेच करंट अडतोय. चॅसी ते इंजिन या अर्थच्या पट्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात. तिच्या नटाखालचा रंग आणि गंज घासला तरी सेल्फची चाल बदलते.

हवा कुठून शिरते

आता धूर अजिबात नसलेल्या गाडीकडे येऊ. डिझेलची वाट डोळ्यांसमोर आणा. टाकीतली जाळीदार नळी, तिथून चॅसीवरून आलेला पाइप, मग इनलाइन पंपाच्या कुशीला बसलेला फीड पंप, ज्याच्यावर हाताने मारायची मूठ असते. फीड पंपाच्या खाली छोटी वाटी आणि जाळी. तिथून पुढे एकापाठोपाठ दोन फिल्टर, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. मग मोठा पंप, आणि जास्तीचं डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परत टाकीत.

या वाटेचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे वागतात. फीड पंपापासून पुढे डिझेल दाबाखाली असतं, साधारण एक ते दीड बार. तिथला सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि ओला डाग दिसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र डिझेल ओढलं जातं. तिथल्या ढिल्या सांध्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडाठणठणीत दिसतो, तरी चोर तोच असतो. ज्यांना ही एक गोष्ट कळली त्यांचं निम्मं काम झालं, कारण बाकीचे सगळे ओला डाग शोधत बसतात.

हवेचा एवढासा बुडबुडा सोळा टनांची गाडी का अडवतो? पंपाचा प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, एका वेळी एका सिलिंडरला देतो ते डिझेल पूर्ण भारावरही जेमतेम चाळीस-पन्नास घनमिलिमीटर, म्हणजे एक थेंब. डिझेल दाबलं तरी जवळपास आक्रसत नाही, म्हणून प्लंजर वर गेला की दाब तत्काळ चढतो आणि नोझलची सुई उचलली जाते. त्या थेंबाच्या जागी हवा असली तर ती स्पंजासारखी दबते आणि प्लंजर खाली आला की पुन्हा फुगते. २०० बार कधी होतच नाहीत. नोझल मिटलेलंच राहतं. प्लंजर रात्रभर असा वरखाली झाला तरी ती हवा तिथेच राहील.

हातपंपाची मूठ मारून बघा, ती बरंच काही सांगते. आट्यातून मोकळी करून सावकाश मारा. सुरुवातीला हलकी आणि पंधरा-वीस स्ट्रोकनंतर दाबताना कडक होत गेली, तर ओढ चांगली आहे. कितीही मारली तरी हलकीच राहिली, तर ती हवा ओढतेय किंवा फीड पंपातले छोटे व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडे राहिलेत. वर ओढताना जड जाते आणि सोडली की आपणच खाली बसते, तर मागे चोंदलंय: टाकीतली जाळी, वाटीतली जाळी किंवा आतून सुजलेला रबरी पाइप. पहिल्याच स्ट्रोकला दगडासारखी लागली तर पुढचा फिल्टर बंद झालाय.

हवा ओढतेय असं वाटलं तर सांधे खोलत बसण्याआधी कॅनची चाचणी करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन गाळलेल्या डिझेलने भरा, फीड पंपाच्या उंचीच्या वर बांधा, आणि टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून काढून त्या जागी कॅनमधून आलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप लावा. हवा काढून गाडी सुरू केली आणि ती चालू राहिली, तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यातच आहे. सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन बंद पडली, तर दोष फीड पंपात किंवा पुढे. या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते. घाटात अडकलेली गाडी असाच कॅन बांधून गॅरेजपर्यंतही आणता येते. कॅन मात्र सायलेन्सरपासून लांब आणि घट्ट बांधलेला हवा.

टाकीकडचा भाग दोषी ठरला तर पुढच्या जागा बघा. हातपंपाची मूठ पूर्ण आवळली नसेल तर तिच्या वॉशरमधूनच हवा जाते, म्हणून पहिली तीच. मग वाटीचं गॅस्केट. जाळी साफ करून जुनंच गॅस्केट परत लावलं की दुसऱ्या दिवशी गाडी हवा धरते. मग रबरी पाइपच्या क्लिपा. जास्त आवळलेली क्लिप रबराला कापते, आणि तो काप क्लिपेच्या खाली लपलेला असतो. जुनी रबरं कडक होतातच. शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा) गंधकाच्या डिझेलमध्ये काही जुन्या रबरी सीलना पूर्वीसारखी फूग राहत नाही, ती आक्रसतात. वर्षानुवर्षं न हललेला सांधा अचानक हवा घेऊ लागला तर ही शक्यता लक्षात ठेवा. नंतर चॅसीच्या कडेला घासून झिजलेला लोखंडी पाइप, विशेषतः क्लॅम्पच्या खाली. आणि शेवटी टाकीतली उभी नळी. तिला वरच्या बाजूला चीर असेल तर टाकी भरलेली असताना गाडी छान चालते आणि निम्मी झाली की हवा धरते.

बेंजो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या, मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर हा स्वतंत्र विषय आहे. वापरलेला वॉशर उजेडात धरून बोटाने चाचपून बघा. त्यावर गोल खाच पडलेली असते, आणि ते तांबं आता कडक झालेलं असतं. पुन्हा आवळलं तर ते दबत नाही आणि खाचेच्या कडेने केसाएवढी वाट राहते. जास्त जोर लावला तर बोल्टच पिळवटतो. दर वेळी नवा वॉशर वापरावा हे उत्तम. रस्त्यात नवा मिळाला नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून थंड करायचा, बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासायचा आणि उलटा करून लावायचा. तापवल्याने तांबं पुन्हा मऊ होतं.

संशय एकाच सांध्यावर असेल तर त्याच्याभोवती ग्रीस थापून बघा. हवेचा त्रास थांबला तर जागा सापडली. ही फक्त शोधायची युक्ती आहे, दुरुस्ती नव्हे.

हवा काढायची पद्धत

लागतं ते असं: १७ आणि १९ चे पाने, ब्लीड स्क्रूला (हवा काढायच्या स्क्रूला) बसेल तो पाना किंवा पेचकस, स्वच्छ फडकं, दोन लिटर गाळलेलं डिझेल, आणि खाली धरायला डबा. सांध्यांभोवतीची माती आधी ब्रशने आणि डिझेलने धुऊन काढा. पंपाचा प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. तिथे गेलेला वाळूचा कण पंप खराब करतो.

फिल्टर बदलला असेल तर भांडं स्वच्छ डिझेलने भरूनच बसवा, नाहीतर नुसती ती जागा भरायला शंभरावर स्ट्रोक मारावे लागतील. भरताना कागदी फिल्टरच्या मधल्या भोकात डिझेल ओतू नका. गाळलेलं डिझेल तिथूनच बाहेर पडतं, म्हणजे ओतलेला कचरा थेट पंपात. जुनी रबरी रिंग हेडला चिकटून राहिलीय का ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सांधा कधीच बंद होणार नाही.

आता टाकीकडच्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप मारा. आधी सोड्यासारखा फेस येईल. मग डिझेलमध्ये मधून मधून पांढरे ठिपके दिसतील. मग अखंड, स्वच्छ, सोनेरी धार लागेल. धार लागली तरी आणखी दहा स्ट्रोक मारा आणि मारत असतानाच स्क्रू आवळा. मूठ थांबवून आवळलात तर शेवटच्या क्षणी हवा परत आत जाते. मग दुसऱ्या फिल्टरचा स्क्रू, मग पंपावरचा स्क्रू. क्रम टाकीकडून इंजिनाकडे, कधीच उलटा नाही. शेवटी सगळं बंद असताना मूठ मारत राहिलात की ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून बारीक किरकिर ऐकू येते. पंपाची गॅलरी, म्हणजे आतली डिझेलची जागा, भरल्याची ती खूण. मूठ खाली दाबून घट्ट आवळा.

नोझलकडची हवा हातपंपाने निघत नाही, ती सेल्फनेच काढावी लागते. सहापैकी तीन नोझलवरचे नट दीड आटा सैल करा, स्टॉपर आत आहे ना बघा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. सैल नटातून आधी फेस, मग ठोक्यागणिक उसळी येईल. आली की आवळा. साधारण २५ न्यूटन-मीटर पुरे, पान्याला पाइप लावून जोर करू नका, पाइपच्या टोकाचा शंकू चेपतो. बहुतेक गाड्या तीन नट आवळून होण्याआधीच उरलेल्या तिघांवर पकडतात आणि खडखडत चालू लागतात. मग बाकीचे तीन एकेक करून सैल करा आणि आवळा.

हे करताना हात आणि चेहरा लांब ठेवा. इंजिन चालू असताना गळक्या हाय प्रेशर पाइपला बोट लावून तपासायची सवय अनेकांना असते, ती सोडा. तो फवारा कातडीत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात कापावा लागू शकतो. असं झालं तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

पाणी

पावसाळ्यात आणि अर्धी टाकी ठेवून महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पाणी हा मोठा शत्रू. रात्री टाकीतल्या हवेतल्या वाफेचं पत्र्यावर पाणी होतं आणि तळाशी जमतं. टाकीच्या तळाच्या प्लगमधून आणि पहिल्या फिल्टरखालच्या प्लगमधून अर्धा-अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, रेघ स्पष्ट दिसते. तपकिरी गाळ दिसला तर गंज, काळा बुळबुळीत थर दिसला तर पाणी-डिझेलच्या सीमेवर वाढलेले जंतू. दोन्ही वेळा टाकी उतरवून धुणं हाच उपाय. नुसते फिल्टर बदलले तर आठवड्यात पुन्हा तेच.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला तर सेल्फ मारूच नका. महाड-चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारखं पाणी एअर क्लीनरपर्यंत गेलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळी नोझल काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. मगच पुढचा विचार.

थंडीबद्दल एक गोष्ट. आपल्या हवेत डिझेल सहसा गोठत नाही. पण भारतीय मानकाप्रमाणे डिझेलच्या पोअर पॉइंटची (ज्याच्या खाली ते वाहत नाही त्या तापमानाची) मर्यादा उन्हाळ्यात १५ अंश आणि हिवाळ्यात ३ अंश आहे. जानेवारीत माल घेऊन काश्मीरकडे गेलेल्या गाडीत इथून भरलेलं डिझेल मेणासारखं दाटतं आणि फिल्टर बंद करतं. फिल्टरवर गरम पाण्याने भिजवलेलं फडकं गुंडाळा, आग लावू नका. पुढच्या पंपावर तिथलं हिवाळी डिझेल मिसळा.

पंपाकडे कधी बघायचं

हातपंप कडक, ब्लीड स्क्रूतून स्वच्छ धार, पण नोझलच्या सैल नटातून काहीच येत नाही: आता पंपाचा नंबर. बरेच महिने उभ्या गाडीत पंपाची रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण कमीजास्त करणारी सळई, सुकलेल्या डिझेलच्या चिकट थरामुळे स्टॉपच्या जागी अडकते. पंपाची बाजूची पाटी उघडली की रॅक हाताने सरकते का ते दिसतं. चिकटली असेल तर स्वच्छ डिझेलमध्ये भिजू द्या, थोडं पुढेमागे हलवा, हातोडी मारू नका. सुटल्यावर लगेच सेल्फ मारायची घाई नको. रॅक आता पूर्ण डिझेलच्या जागी अडकली तर इंजिन सुरू होताच बेफाम पळेल आणि स्टॉपर ओढूनही थांबणार नाही. अशा वेळी हवेच्या पाइपच्या तोंडावर दाबायला जाड लाकडी फळी हाताशी ठेवा. हात किंवा कापड धरू नका, आत ओढलं जातं.

सगळ्या नटांतून उसळी येते पण धूर पांढरा, तर नोझल काढून टेस्टरवर न्या. ठरलेल्या दाबाला उघडून धुकं मारतं की लघवीसारखी धार सोडतं, ते दिसतं. बसवताना खालचा तांब्याचा जुना वॉशर भोकातच राहिला नाही ना ते बघा. दोन वॉशर बसले की नोझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

नोझल ठीक असतील तर टायमिंग आणि दाब. पंपाच्या कपलिंगचे बोल्ट ढिले होऊन ते सरकलंय का, खुणा जुळतात का बघा. किती अंश ठेवायचे ते इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तकात असतं, अंदाजाने फिरवू नका. दाबासाठी नोझलच्या जागी गेज लावा. सुस्थितीतलं इंजिन सेल्फवर साधारण २० ते ३० बार देतं. सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं आकड्याइतकंच महत्त्वाचं. एखादा बराच खाली असेल तर आधी टॅपेटची फट (क्लिअरन्स) तपासा. कमी क्लिअरन्समुळे व्हॉल्व्ह बसत नसेल तर रिंग-पिस्टन उघडायची गरज नाही. कमिन्स ६बीटीला थंड इंजिनात इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० मिलिमीटर ठेवतात.

६९७ मध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडतं, म्हणून तिला हीटर प्लग नसतात. जुन्या जीप आणि छोट्या गाड्यांत वेगळ्या कप्प्यात जळण होतं, तिथे हीटर प्लग गेले की थंडीत गाडी पांढरा धूर सोडत फिरतच राहते. प्लगची पट्टी काढा, बॅटरीचा प्लस आणि प्लगचं टोक यांच्यात १२ व्होल्टचा बल्ब लावा. पेटला नाही तर तो प्लग गेला.

दोन गोष्टी करू नका. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून सेल्फ मारणं ही एक. केबिनखाली डिझेल सांडलेलं असतं आणि बोळ्याचे जळते तुकडे आत जातात. दुसरी, ईथरचा स्प्रे. तो डिझेलच्या खूप आधी, पिस्टन अजून वर येत असतानाच पेटतो आणि रिंगा मोडतो. हीटर प्लग असलेल्या गाडीत तर इनटेकमध्येच भडका उडू शकतो. ढकलून किंवा ओढून गाडी सुरू करणं बॅटरी उतरलेली असेल तेव्हाच उपयोगाचं. डिझेलमध्ये हवा असेल तर दोन किलोमीटर ओढूनही ती पकडणार नाही.

गाडी सुरू झाली की पंधरा मिनिटं उभी चालू ठेवा आणि उघडलेला प्रत्येक सांधा पुठ्ठ्याने आणि टॉर्चच्या उजेडात बघा. फीड पंपाच्या पुढचा गळका सांधा आता ओला होईल. मागचा दिसणार नाही, त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी. सकाळी सेल्फ मारण्याआधी हातपंपाची मूठ मोकळी करा आणि ती कडक व्हायला किती स्ट्रोक लागतात ते मोजा. तीन-चार लागले तर रात्रभर डिझेल जागेवर राहिलं. वीस लागले तर ते टाकीत परत उतरलंय, हवेची वाट अजून उघडी आहे. मग फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि मागचे वॉशर पुन्हा एकदा.